ब्लूटूथ हेडफोनचा डब्यातून आल्यासारखा आवाज असा नीट केला

नाशिकला सिडकोतल्या घरी डेस्कटॉपवर लिनक्स आहे, बाबा रोज त्यावर शास्त्रीय ऐकतात. परवा म्हणाले, अरे तानपुऱ्याची जवारीच (तारांचा तो गुंजणारा नाद) ऐकू येत नाहीये, सगळं फोनवर बोलल्यासारखं येतंय. मला वाटलं हेडफोनच गेला, पण मोबाईलला जोडला तर एकदम स्वच्छ! मग पल्सऑडिओचं (लिनक्सवर आवाज सांभाळणारा प्रोग्राम) व्हॉल्यूम कंट्रोल उघडलं, कॉन्फिगरेशन टॅबमध्ये बघतो तर प्रोफाइल एचएफपीवर (कॉलसाठीचा ब्लूटूथ मोड), म्हणजे माइक चालू राहावा म्हणून आवाज मोनो आणि सॅम्पलिंग (आवाजाचे सेकंदाला घेतलेले नमुने) फक्त 8 नाहीतर 16 किलोहर्ट्झ, त्यात जवारी कुठून येणार. सकाळच्या व्हिडिओ कॉलमध्येच ते बदललं असणार. एटूडीपी (गाणी ऐकण्यासाठीचा मोड) निवडलं, लगेच स्टिरिओ. बाबांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. कॉलसाठी आता वेगळा यूएसबी माइक लावलाय.