ईपर, गेंट, नव्ह शापेल: पहिल्या महायुद्धाच्या गावांत फिरताना या चुका टाळा

बेल्जियमची आपली ठरलेली सहल म्हणजे ब्रसेल्सचा चौक, चॉकलेटची खरेदी, ब्रूजच्या कालव्यात एक नौकाफेरी आणि पुढे अ‍ॅमस्टरडॅम. ज्यांना युद्धस्मारकंही बघायची असतात, ते ब्रसेल्सहून सकाळी ईपरला जाऊन संध्याकाळी परतायचा बेत करतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि आम्हीही ती केली. दुपारी मेनिन गेट या युद्धस्मारक-कमानीखाली फोटो काढले, सहाच्या सुमाराची गाडी पकडली आणि ज्यासाठी त्या गावी जायचं, ते आम्ही निघून गेल्यावर रात्री आठ वाजता झालं.

या कमानीखाली रोज रात्री आठला रहदारी थांबवून बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. 1928 पासून हा रिवाज चालू आहे, फक्त 1940 ते 1944 या जर्मन ताब्याच्या काळात तो इंग्लंडात पाळला गेला. म्हणून एक रात्र ईपरमध्येच राहा. उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास आधी जाऊन उभे राहा, नाहीतर पुढच्याच्या डोक्यापलीकडे काही दिसत नाही. बिगुल थांबल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. दरवेळी कोणीतरी वाजवतोच आणि मग कानकोंडा होतो.

दुसरा गोंधळ नावांचा. इंग्रजी पुस्तकात ‘ईप्र’ वाचलेलं असतं, स्टेशनच्या पाटीवर ‘ईपर’ असतं. ब्रूजहून जाताना जिथे गाडी बदलायची ते कोर्त्राइक फ्रेंचमध्ये ‘कूर्त्रे’ होतं. मोटारीने निघालात तर बेल्जियमच्या डचभाषिक भागातल्या पाट्यांवर फ्रान्समधलं लील सापडणार नाही, तिथे ‘राइसल’ लिहिलेलं असतं. दोन्ही नावं वहीत लिहून ठेवा. (ब्रिटिश सैनिकांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता, ते सरळ ‘वायपर्स’ म्हणायचे.)

ईपरचा चौक बघून ‘सातशे वर्षं जुना’ असं लिहून फोटो टाकू नका. युद्धात गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं होतं. कापड व्यापाऱ्यांचं ते भव्य सभागृह जुन्या रूपात पुन्हा उभारलेलं आहे आणि ते काम 1967 पर्यंत चाललं. आतल्या युद्धसंग्रहालयात आधी जा, मग चौकात फिरा. तीच भिंत वेगळी दिसते. गेंटचा ग्राव्हेनस्टेन किल्ला मात्र खरोखर 1180 चा. पण तोही पुढे न्यायालय, तुरुंग आणि कापसाची गिरणी असे अवतार घेऊन मग डागडुजी झालेला. जिने अरुंद आणि दगडी आहेत. आई-वडील बरोबर असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार करा. त्याच दिवशी ब्रूजच्या मनोऱ्याच्या 366 पायऱ्या तर नकोतच, तिथे लिफ्ट नाही.

शाकाहारी मंडळींना एक सावधगिरी. बेल्जियमचे प्रसिद्ध बटाट्याचे फ्राइज अनेक ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. नुसतं ‘व्हेज आहे का’ विचारलं तर ‘हो’ असंच उत्तर मिळेल, कारण त्यांच्या लेखी बटाटा व्हेजच. तेल कोणतं, ते विचारा.

ईपरभोवतालच्या शेतांत नांगरताना आजही तोफगोळे निघतात. शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि लष्कराचं पथक येऊन घेऊन जातं. गंजलेला तुकडा आठवण म्हणून उचलू नका. त्यात विषारी वायू असू शकतो.

आता आपल्या माणसांबद्दल. मेनिन गेटवर सुमारे 54 हजार नावं आहेत, त्यांत भारतीय चारशेंहून थोडी जास्त. तेवढीच बघून परतणं ही चूक. ज्यांची कबर कुठेच सापडली नाही अशा 4,700 हून अधिक भारतीयांची नावं फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत. शेंगेन व्हिसावर सीमा ओलांडता येते, वेगळा परवाना लागत नाही. (इंग्लंडात ब्रायटनजवळ हिंदू आणि शीख सैनिकांच्या दहनभूमीवर उभारलेली छत्री बघायची असेल तर मात्र ब्रिटिश व्हिसा वेगळा काढा.) नव्ह शापेल गावात रेल्वे स्टेशन शोधत बसू नका, लीलहून मोटार घ्या.

तिथे भिंतीवर आडनाव शोधायला लागलात तर हात हलवत परत याल. नावं पलटणीप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे कोरलेली आहेत, कित्येकांना आडनावच नाही, आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. घरातला पणजोबा शोधत असाल तर निघण्यापूर्वी कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही मिळतं.

त्याआधी पलटण कोणती, ते नक्की करा. सातारा-रत्नागिरीकडचे लोक ‘पणजोबा फ्रान्सला लढले’ असं ऐकत आलेले असतात, पण 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी कूत गावाला घातलेल्या वेढ्यात होत्या. त्यांचा माग इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाकडे जातो आणि तिथे भारतीय शिपायांची बहुतांशी संख्याच नोंदलेली आहे, नावं नाहीत. नव्ह शापेलला आलेली आपल्याकडची तुकडी म्हणजे खडकीचे सॅपर्स, सैन्यातले अभियंते. 28 ऑक्टोबर 1914 ला त्यांच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 47 व्या शीख पलटणीबरोबर गावात घुसल्या, घराघरांतून लढल्या आणि मोठी हानी सोसून मागे आल्या. भिंतीवर आधी ‘सॅपर्स अँड मायनर्स’ हा मथळा शोधा. मधल्या 15 मीटर उंच खांबावर इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीबरोबर देवनागरी अक्षरंही कोरलेली आहेत. बरेच जण खांबाशेजारच्या दोन दगडी वाघांपाशी फोटो काढतात आणि ती न वाचताच निघतात.