अंगाच्या उबेवर एलईडी : वीज देणारा हातपट्टा कसा शिवावा

उष्णतेपासून वीज मिळते असे सर्रास म्हटले जाते; प्रत्यक्षात ती मिळते दोन बाजूंच्या तापमानांतील फरकापासून, आणि विदर्भात असा पट्टा शिवणाऱ्याने ही बाब सुईत दोरा ओवण्याआधीच ध्यानात घ्यावी. थॉमस योहान झेबेक यांना हा परिणाम १८२१ मध्ये आढळला होता.

मांजरपाटाचा दुहेरी पट्टा, पेल्टियर मॉड्यूल (तापमानातील फरकावर वीज देणारी चपटी वडी, अर्धवाहकांच्या १२७ जोड्यांची, ४० मिलिमीटर चौरस), तेवढाच ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, लहान हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा पंखेदार तुकडा), उष्णता नीट पुढे नेणारी थर्मल पेस्ट, मॉड्यूलचा अगदी कमी व्होल्टेज वाढवून एलईडीला पुरवणाऱ्या एलटीसी ३१०८ चिपचा तयार बोर्ड आणि लाल एलईडी एवढे साहित्य लागते. पट्ट्यात मॉड्यूलच्या मापाची खिडकी कापून कडा दुमडून शिवाव्यात, दोन्ही बाजूंना पेस्ट लावून पत्रा त्वचेकडे व हीटसिंक बाहेर येईल असे मॉड्यूल बसवावे, आणि भोवती सरकी काढलेला कापूस भरावा, म्हणजे उष्णता मॉड्यूलला वळसा घालून निसटणार नाही. मॉड्यूल ठिसूळ असते, ते वाकवू नये. पट्टा कोपराखालच्या सपाट भागावर बांधावा.

हे मॉड्यूल एका अंशाच्या फरकाला सुमारे ०.०५ व्होल्ट देते. पौषात रात्री गव्हाला ओलित करताना हवा कितीही गार असली, तरी हीटसिंक उष्णता हळूच सोडतो, त्यामुळे मॉड्यूलच्या वाट्याला एक-दोन अंशांचाच फरक येतो आणि साधारण एक मिलिवॉट वीज हाती लागते. बोर्ड २० मिलिव्होल्टवर सुरू होत असल्याने एलईडी मंद उजळतो. मोबाइल चार्ज होण्याची आशा मात्र सोडावी. त्याला याच्या हजारो पट वीज लागते.

मे महिन्यात हवा ४५ अंशांवर आणि त्वचा ३४ च्या आसपास असते, म्हणजे उष्णता उलट वाहते, मल्टिमीटरवर ऋण चिन्ह दिसते आणि ३१०८ चालत नाही. दोन्ही दिशा चालवून घेणारी एलटीसी ३१०९ चिप वापरून बाहेरची बाजू काळी करता व उन्हात धरता येईल, पण तो ताप शेवटी शरीरातच शिरतो, म्हणून मी ते सुचवणार नाही. त्यापेक्षा सावलीत हीटसिंकवर ओले फडके गुंडाळावे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते कूलरच्या वाळ्यासारखे थंड होते, बाहेरची बाजू त्वचेहून गार राहते आणि ३१०८ पुन्हा चालते. त्यासाठी मॉड्यूलच्या कडा आधी सिलिकॉनने बंद कराव्यात, आणि पट्टा धुण्यापूर्वी सगळे काढता यावे म्हणून खिडकीची एक बाजू न शिवता तिला टिचबटण लावावे.