‘हलीम’ आणि ‘सबूर’ : अल्लाहच्या संयमाची नावे कशी अभ्यासावीत

घाईला आलेल्या माणसाला आपण ‘जरा सबुरीने घ्या’ असे सांगतो, आणि नाशकातून शिर्डीच्या रस्त्याला लागले की ‘श्रद्धा आणि सबुरी’ ही अक्षरे गाड्यांच्या काचांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर दिसत राहतात. ही सबुरी अरबीतल्या ‘सब्र’ शब्दातून मराठीत आली. सब्र म्हणजे रोखून धरणे, स्वतःला आवरणे. अल्लाहच्या सुंदर नावांच्या प्रसिद्ध यादीत अखेरचे, ९९ वे नाव ‘अस्-सबूर’ आहे आणि ते याच धातूचे आहे. मराठी वाचकाच्या हाती अर्थाचा अर्धा भाग असा आधीच असतो. मात्र हा अर्धा भागच पुढे वाट चुकवू शकतो, म्हणून अभ्यासाची सुरुवात तो नीट पारखण्यापासून करावी.

माणूस सब्र करतो तो बहुधा इलाज नसतो म्हणून. त्याला दुखते आणि तो ते सोसतो. अल्लाहच्या बाबतीत लाचारी नाही आणि सोसणेही नाही, कारण ‘त्याच्यासारखे काहीही नाही’ असे कुरआन (४२:११) स्पष्ट सांगते. त्याचा संयम म्हणजे पकडण्याचे पूर्ण सामर्थ्य असताना दिलेली मुदत. सूरह (कुरआनचा अध्याय) फातिरच्या अखेरच्या आयतीचा, म्हणजे वचनाचा (३५:४५), आशय असा आहे की, लोकांच्या कर्मांवरून अल्लाहने त्यांना लगेच पकडले असते तर पृथ्वीच्या पाठीवर एकही जीव उरला नसता, पण तो एका ठरलेल्या वेळेपर्यंत त्यांना अवधी देतो. ही आयत वहीच्या पहिल्या पानावर अर्थासह उतरवून घ्यावी आणि पुढचे सारे काम तिच्या आधाराने करावे.

आता यादीविषयी. अल्लाहची ९९ नावे आहेत आणि जो ती जतन करील तो जन्नतमध्ये जाईल, ही हदीस, म्हणजे प्रेषित मुहम्मदांचे नोंदवलेले वचन, बुखारी आणि मुस्लिम या नावांच्या दोन्ही हदीससंग्रहांत प्रेषितांचे सहकारी हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आलेली आहे. परंतु नावांची एकेक करून दिलेली यादी तिथे नाही. ती तिर्मिजीच्या संग्रहात मिळते, आणि ती प्रेषितांचे शब्द नसून निवेदकाने जोडलेली आहे असे अनेक हदीसतज्ज्ञांचे मत आहे. ‘अस्-सबूर’ हे नाव या रूपात कुरआनात आलेले नाही. याने त्या नावाची महती कमी होत नाही, कारण ऐकलेल्या त्रासदायक बोलण्यावर अल्लाहपेक्षा अधिक सब्र करणारा कोणी नाही, लोक त्याच्याविषयी नाही ते बोलतात आणि तरीही तो त्यांना आरोग्य आणि रोजी देत राहतो, हा अर्थ सहीह, म्हणजे अस्सल ठरलेल्या, हदीसमध्ये आहेच. पण अभ्यास मात्र कुरआनात ठायी ठायी भेटणाऱ्या जवळच्या नावापासून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते नाव म्हणजे ‘अल्-हलीम’, पकडण्याची घाई न करता अवधी देणारा.

हे नाव अल्लाहसाठी कुरआनात ११ वेळा आले आहे आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या नावासोबत आले आहे. वहीत चार रकाने आखावेत. ‘गफूर’ म्हणजे क्षमा करणारा, त्याच्याबरोबर ६ ठिकाणे. ‘अलीम’ म्हणजे सर्व जाणणारा, त्याच्याबरोबर ३. ‘गनी’ म्हणजे कशाचीही गरज नसलेला, त्याच्याबरोबर १. आणि ‘शकूर’ म्हणजे कदर करणारा, त्याच्याबरोबर १. मग प्रत्येक आयतीत आधी कशाचा विषय चालला आहे ते पाहावे. सूरह निसामध्ये (४:१२) वारशाच्या हिश्शांचा हिशेब सांगून झाल्यावर ‘अलीम, हलीम’ येते. कोणी कोणाचा हिस्सा दाबला ते त्याला ठाऊक आहे, आणि तरी दाबणाऱ्यावर लगेच वीज कोसळत नाही. जमिनीच्या वाटणीवरून बोलणे बंद झालेल्या घरात ही आयत वाचली की ‘हलीम’चा अर्थ शब्दकोशाशिवाय उमगतो. सूरह बकरामध्ये (२:२६३) दान देऊन वर टोचून बोलण्यापेक्षा गोड शब्द आणि क्षमा बरी, असे सांगून ‘गनी, हलीम’ म्हटले आहे.

जुन्या नाशकात असर (दुपारनंतरची नमाज) आणि मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) यांच्या मधल्या वेळेत काही तरुण मुलांबरोबर मी ही वही भरत असे. अवधी देणे आणि दुर्लक्ष करणे यांतला फरक मला त्यांना समजावता येत नव्हता. एकदा निफाडकडचे एक बागायतदार चाचा येऊन बसले आणि त्यांनी तो बागेच्या भाषेत सांगितला. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीनंतर माल तयार व्हायला साधारण चार महिने जातात. मण्यात पाणी उतरण्याआधी घड तोडला तर तो आंबटच राहतो, कारण तोडलेले द्राक्ष पुढे गोड होत नाही. मात्र त्या चार महिन्यांत शेतकरी बागेकडे पाठ फिरवत नाही, तो रोज घडाखाली वाकून पाहतो. अल्लाहला कोणतीच उपमा पुरी पडत नाही, हे मुलांना बजावूनच मी ती वहीत लिहू दिली.

जिक्रविषयी, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणाविषयी, थोडक्यात सांगतो. ‘या सबूर’ अमुक वेळा म्हटले की अमुक काम होते, असे आकडे छोट्या पुस्तिकांत छापलेले असतात. त्यांना पक्का आधार नाही, म्हणून आकड्याच्या मागे लागू नये. नमाजनंतरची ३३-३३ ची तस्बीह (अल्लाहच्या स्तुतीचे जप) आहे तशी चालू ठेवावी. संकटाच्या वेळी प्रेषित जी दुआ (प्रार्थना) करीत असत, तिची सुरुवातच ‘ला इलाह इल्लल्लाहुल अजीमुल हलीम’ अशी आहे. ती पाठ करावी. ‘हलीम’मधला ‘ह’ घशातून येतो आणि ‘सबूर’मधला ‘स’ जाड आहे, आणि हे दोन्ही उच्चार देवनागरीत दाखवता येत नाहीत, म्हणून ते जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकूनच बसवावेत.

शेवटचा भाग वहीबाहेरचा आहे आणि सर्वांत जड आहे. खरा सब्र पहिल्या आघाताच्या क्षणी असतो, असे प्रेषितांनी कबरीपाशी रडणाऱ्या एका स्त्रीला सांगितले होते. म्हणून सराव शांत दिवसांतच सुरू करावा: ज्याच्याकडून आपले येणे आहे असा एक माणूस मनाशी ठरवावा, त्याला ठरलेल्या तारखेपर्यंत आठवणीचा फोन करू नये, आणि राग आलाच तर हदीसमध्ये सांगितल्याप्रमाणे उभे असल्यास खाली बसावे, तरीही न शमल्यास आडवे व्हावे. रोज रात्री त्या दिवसाची एक ओळ वहीत लिहावी. अकराही आयती झाल्या की ‘शकूर’ हे नाव अभ्यासाला घ्यावे. सूरह तगाबुनमध्ये (६४:१७) ते ‘हलीम’च्या अगदी शेजारी आहे, आणि तिथे विषय अल्लाहला दिलेल्या कर्जाचा आहे.