या चुका टाळा : ‘पर्यंत’नं घातलेला घोळ आणि इन, ऑन, ॲटची बाकी भानगड

लातुरात बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. पोरं बदलली, वह्या बदलल्या, लाल शाई मात्र त्याच जागी पडते. इन, ऑन, ॲट, बाय, टिल, सिन्स, फॉर. नवी बॅच बसली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, “सर, एखादी ट्रिक सांगा की.” ट्रिक असती तर मी ती विकून कधीच मोकळा झालो असतो.

आधी ‘पर्यंत’. ‘मी आठपर्यंत येतो’ आणि ‘मी आठपर्यंत थांबतो’. मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत येण्याला ‘बाय एट’ आणि थांबण्याला ‘टिल एट’.

माझा एक जुना विद्यार्थी संभाजीनगरात टॅक्सी चालवतो. एका परदेशी जोडप्याला त्यानं शनिवारी रात्री मेसेज टाकला : ‘आय विल बी ॲट द हॉटेल बाय एट.’ त्याच्या मनात होतं, मी आठपर्यंत हॉटेलवर आहे, तोवर खाली या. त्यांनी वाचलं, हा आठच्या आत येऊन हजर असेल. म्हणजे आठनंतर कधीही खाली गेलं तरी चालेल. रविवारी हा सातला जाऊन उभा. आठ वाजले, फोन लागेना, दुसरं भाडं आलं, हा निघाला. ते दोघं नाष्टा करून सव्वाआठला खाली आले, तर गाडी नाही. जायचं होतं अजिंठ्याला, संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर, दुसरी गाडी ठरवण्यात दुपार झाली. सोमवारी अजिंठा लेणी बंद. सोमवारी वेरूळ बघितलं, मंगळवारी पहाटे त्यांचं विमान. अजिंठा राहिलं ते राहिलंच.

त्याचा मला फोन आला. “सर, मी बरोबरच लिहिलं होतं की. बाय म्हणजे पर्यंत, तुम्हीच शिकवलंत.”

जुनी वही काढली. खरंच, ‘बाय = पर्यंत’ असं मीच लिहून दिलं होतं, माझ्याच अक्षरात. तेव्हापासून फळ्यावर ‘=’ ही खूण काढणं बंद केलं.

आता मी एवढंच विचारतो : काम एकदा होऊन संपतंय, की तोवर चालूच राहतंय? फॉर्म भरला की संपलं, म्हणून ‘बाय फ्रायडे’. दुकान उघडंच राहतं, म्हणून ‘ओपन टिल नाइन’. ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत फॉर्म भरतच बसा. अशा सूचना मी कॉलेजांच्या नोटीस बोर्डांवरही वाचल्यात.

‘पासून’चं दुखणं याच घरातलं. “सर, मी इथं पाच वर्षांपासून काम करायलोय,” याचं भाषांतर ठरलेलं : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ किती काळ ते मोजून सांगत असाल तर फॉर, कधीपासून ते बोट ठेवून दाखवत असाल तर सिन्स. ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स दिवाळी’. आणि दोन्हीकडे ‘आय ॲम’ नाही, ‘आय हॅव बीन’. मुलाखतीत पहिल्याच वाक्याला पोरं इथं अडखळतात.

आता इन, ऑन, ॲट. ‘मोठ्या गावाला इन, लहान गावाला ॲट’ हा चार्ट व्हॉट्सॲपवर फिरतो. तो डिलीट करा. ‘आय लिव्ह इन लातूर’, पण ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट लातूर’. गाव तेवढंच आहे, आपण बघतो कसं ते बदललं. राहणाऱ्याला ते चार बाजूंनी वेढणारं गाव, रेल्वेला तो वाटेवरचा ठिपका. वेढणारं असेल तर इन, ठिपका असेल तर ॲट, रेषा किंवा पृष्ठभाग असेल तर ऑन. नांदेड आणि पैठण ‘ऑन द गोदावरी’. “नदीवर गाव कसं असंल सर?” म्हणून हसतात आणि ‘इन द गोदावरी’ लिहून येतात. म्हणजे गाव बुडालं.

वेळेचंही तसंच. घड्याळाला ॲट, वार-तारखेला ऑन, महिना-वर्षाला इन. मराठीत सगळ्याचं ‘ला’ किंवा ‘त’वर भागतं, म्हणून घोळ. प्रत्येक बॅचकडून मी किल्लारीचं वाक्य लिहून घेतो : द अर्थक्वेक स्ट्रक ॲट ३.५६ इन द मॉर्निंग, ऑन ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, ती पहाट. या पोरांच्या आईबापांना ती आठवते, म्हणून वाक्य घरी जाऊन पुन्हा बोललं जातं. पाठांतरापेक्षा मला हे बरं वाटतं. त्यात ‘इन द मॉर्निंग’ आहे, पण रात्रीला ‘ॲट नाइट’. का, ते विचारू नका, तसंच म्हणतात.

किरकोळ चुका. कारमध्ये इन, पण एसटी आणि रेल्वेत ऑन. आत उभं राहून चालता येतं तिथं ऑन, असं मी धरतो. आंबा ‘ऑन द ट्री’, कारण तो फांदीला लागलाय. माकड ‘इन द ट्री’, कारण ते पानांत घुसलंय. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ नाही, नुसतं ‘नेक्स्ट मंडे’. ‘रीच टू नांदेड’ नाही, ‘रीच नांदेड’. ‘गो टू होम’ लिहिलंत तर माझ्याकडे वही देऊच नका.

महिनाभरात फाडफाड इंग्रजी हवं असणाऱ्यांना एवढंही जास्त वाटतं. ते दोन आठवड्यांत क्लास सोडतात, सहा महिन्यांनी मुलाखतीच्या आदल्या दिवशी परत येतात, आणि पहिलं वाक्य ‘सिन्स फाइव्ह इयर्स’चंच असतं.

टॅक्सीवाला मात्र सुधारला. आता तो ‘फ्रॉम सेव्हन टिल एट’ असं लिहितो, आणि आठला पाच मिनिटं कमी असताना रिसेप्शनवरून खोलीत फोनही लावायला सांगतो.