बांधावर फेकलेलं गंगाफळ

पोळ्याच्या आसपास मृगाच्या पावसावर लावलेल्या गंगाफळाला, म्हणजे लाल भोपळ्याला, भराभर फळं धरतात आणि त्याच दिवसांत बांधाबांधावर सडक्या फळांचे ढीग दिसायला लागतात. पिवळं पडलेलं, बोटानं दाबलं तर आत जाणारं फळ वेलाखालून उचलायचं, बांधापलीकडे भिरकवायचं आणि संध्याकाळी कृषी केंद्रातून औषधाची बाटली आणायची, असा नेहमीचा क्रम. खान्देशात दरवर्षी जी गंगाफळं हातची जातात, त्यांतली बरीचशी या भिरकावण्यामुळे जातात.

त्या फळात फळमाशीच्या अळ्या असतात, एकेका फळात डझनांनी. पोसलेली अळी फळातून बाहेर पडते, अंगाची कमान करून चक्क उडी मारते आणि मातीत शिरते. दोन-चार बोटं खोल तिचा कोष होतो आणि आठ-दहा दिवसांत माशी वर येते. म्हणजे पोळ्याला फेकलेल्या फळातली माशी पितरांच्या पंधरवड्यात, गंगाफळाला गिऱ्हाईक असतं तेव्हा, तुमच्याच वेलावर फिरत असते. आणखी आठवड्या-दोन आठवड्यांत तिची मादी कोवळ्या फळांना डंख मारू लागते. बांध आणि वेल यांत अंतर किती, तर दहा पावलं. माशीला तेवढं काहीच नाही.

यंदा झड लांबली आणि मध्येच ऊन पडत राहिलं, तर माशी आणखी वाढेल. दमट हवा, ओली भुसभुशीत माती आणि कोवळी फळं तिला एकदमच मिळतात. तेव्हा बाकीची कामं मागे पडली तरी चालतील, पण किडकी फळं वेचण्याचं काम आठवड्यातून दोनदा झालंच पाहिजे.

आधी फळ कापून बघा

लिंबाएवढी फळं गळायला लागली की दुकानदार दोन बाटल्या पुढे करतो, एक कीटकनाशकाची आणि एक ‘फळगळ थांबवणारं’ टॉनिक. पैसे देण्याआधी गळलेली दहा फळं उभी चिरा.

सालीवर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका, त्यावर डिंकासारखा थेंब वाळलेला, फळ एका बाजूनं वाकडं आणि आत पांढुरक्या अळ्या, तर ती फळमाशी. फळ फुलाच्या टोकाकडून पिवळं पडून सुरकुतलेलं, आत कोरडं, अळी नाही आणि छिद्रही नाही, तर परागीभवन झालेलं नाही. गंगाफळात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. सकाळी फवारणी केली की मधमाशी येत नाही आणि फळ धरत नाही. मग त्यावर टॉनिक मारायचं, तेही पुन्हा सकाळीच! फवारा ऊन उतरल्यावर मारा. फळधारणा फारच कमी असेल तर सकाळी नऊच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर टेकवा. खर्च शून्य.

वेचलेल्या फळांचं काय करायचं

अळी फळाच्या आत असते, तिथं फवारा पोहोचत नाही. महागडी बाटली आणली म्हणून तो पोहोचेल, असंही नाही. म्हणून फळच नाहीसं करायचं.

शेतातल्या उंच जागी, पाणी साचणार नाही तिथं, तीन फूट खोल खड्डा घ्या. फळं टाका, वर किमान दोन फूट माती येऊ द्या आणि पायानं दाबा. वीतभर मातीखाली पुरलं तर माशी आरामात वर येते. काळ्या जमिनीत भेग पडली तर ती बुजवा. खड्डा घेणं जमत नसेल तर जाड प्लास्टिकच्या, न फाटलेल्या पिशवीत फळं भरा, तोंड घट्ट बांधा आणि आठ दिवस उन्हात ठेवा. विणलेली गोणी चालत नाही, अळ्या तिच्यातून निघतात. नुकताच डंख बसलेलं आणि अजून न सडलेलं फळ चिरून लगेच शेळ्यांना घातलं तरी चालतं, मात्र फवारणीनंतरची थांबायची मुदत उलटलेली हवी. उकिरड्यावर टाकू नका. पाटात तर मुळीच नाही, पाणी ती फळं शेजाऱ्याच्या वेलाखाली नेऊन लावतं.

सापळा, पण योग्य वासाचा

वेलवर्गीयांच्या फळमाशीला क्यू ल्यूर (नर माशीला ओढणारं वासाचं आमिष) लागतो. आंबा-पेरूच्या माशीचा मिथिल युजेनॉल वेगळा. दुकानात ‘फळमाशीचा सापळा द्या’ म्हटलं की जो शिल्लक असेल तो हातात पडतो आणि मग महिनाभर सापळा रिकामा लटकतो. पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या. फुलं दिसू लागली की एकरी 8 ते 10 सापळे काठीला, वेलापासून दोन-तीन फूट उंचीवर बांधा. ल्यूर पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदला.

या सापळ्यात फक्त नर सापडतात. डबा माशांनी भरला म्हणजे मादी संपली, असं समजून वेचणी थांबवू नका.

मादीसाठी आमिष ठेवा. 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम गूळ घाला आणि ज्याच्या लेबलावर वेलवर्गीय भाज्यांची शिफारस आहे असं एखादं कीटकनाशक छापील मात्रेत मिसळा. शेताच्या कडेला मका असेल तर त्याच्या पानांच्या खालच्या बाजूला मोठे थेंब पडतील असं शिंपडा, कारण ही माशी रात्री आणि दुपारच्या उन्हात मक्यासारख्या उंच पिकात जाऊन बसते. सगळं शेत भिजवायची गरज नाही. पाऊस पडला की पुन्हा शिंपडा. गुळासोबत पिकून काळं पडलेलं केळ कुस्करून घातलं तर माशी जास्त येते, असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे. शिफारशीच्या कागदात तो नाही, पण रावेर-यावलकडे केळ फुकट मिळतं, करून बघायला हरकत नाही.

बाकीची कामं

- तांबडे भुंगेरे : रोप दोन ते चार पानांचं असताना धोका. पहाटे सुस्त असतात, हातानं वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका. दवावर राख धुरळा.
- मावा, पांढरी माशी : पिवळे चिकट सापळे एकरी 15. निंबोळी अर्क 5 टक्के, किंवा अझाडिरेक्टिन 10,000 पीपीएम, 15 लिटरच्या पंपाला 30 मि.ली.
- केवडा (पानावर पिवळे कोनाकृती डाग, खाली करडी बुरशी) : मँकोझेब 75 टक्के, 10 लिटरला 25 ग्रॅम.
- भुरी (पानावर पांढरी पूड) : हेक्झाकोनॅझोल 5 टक्के, 10 लिटरला 10 मि.ली. गंधक जपून, उन्हाचा ताव असेल तर वेल करपतो.
- जमिनीला टेकलेल्या फळाखाली कडबा, पाचट किंवा केळीचं वाळलेलं पान.
- पाणी साचू देऊ नका.
- ‘चार औषधं एकत्र’ घेऊ नका.

केळी शेजारी असेल तर

फेकलेल्या फळातलं बी बांधावरच उगवतं. त्या वेलाला कोणी राखत नाही, कोणी फवारत नाही. काकडी मोझॅक विषाणू तिथंच टिकून राहतो आणि त्या वेलावर बसलेला मावा तो केळीवर नेतो. केळीवर हा विषाणू आला की जळगाव जिल्ह्यात त्याला हरण्या म्हणतात. एकदा आला की औषध नाही, झाड उपटण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून केळीच्या नव्या मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) किंवा आता लागणाऱ्या कांदेबागेच्या (पावसाळ्याच्या शेवटची लागवड) कडेला गंगाफळ, काकडी, गिलके, कारली लावूच नयेत. आधीच लावली असतील तर रोज एक फेरी मारा. पानावर हिरवे-पिवळे चट्टे, पान आखडलेलं, शेंडा बारीक, असा वेल दिसला की मुळासकट काढा आणि पुरा. हा वेल बरा करतो म्हणून कोणी पाकीट विकत असेल तर ते घेऊ नका. बांधावर उगवलेले वेल फुलावर येण्याची वाट न पाहता आजच उपटा.

नाशिककडे गंगाफळालाच डांगर म्हणतात. आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घागरीवर ठेवतात ते डांगर म्हणजे खरबूज. माशीला मात्र दोन्ही चालतात. उन्हाळ्यात त्याच शेतात खरबूज घ्यायचं असेल तर शेवटच्या तोड्यानंतर आठवडाभरात सगळे वेल काढा, उरलेली फळं खड्ड्यात घाला आणि नांगरट करून जमीन उन्हाला उघडी टाका, म्हणजे कोष वर येतात आणि बगळे-साळुंक्या ते टिपतात. मेंढ्या बसवायच्या असतील तर नांगरटीच्या आधी बसवा, चुकून राहिलेलं फळ त्या खाऊन टाकतील.