एसओडी२चा बँड येत नाही? या चुका टाळा

गोव्यात ताळगावच्या पठारावरचे विद्यापीठ असो की दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था, ऑक्सिडेटिव्ह ताणावर (ऑक्सिजनच्या घातक रूपांमुळे पेशीवर येणाऱ्या ताणावर) काम करणारा विद्यार्थी कधी ना कधी एसओडी२च्या (सुपरऑक्साइड डिसम्युटेज २च्या) अँटीबॉडीपाशी, म्हणजे नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूपाशी, येतोच. एसओडी२ हे मँगनीजयुक्त एन्झाइम मायटोकॉन्ड्रियातल्या सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते.

ते शोधायला वेस्टर्न ब्लॉट लावतात: प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची (हे ट्रान्सफर) आणि अँटीबॉडीने हवे ते प्रथिन पट्टीच्या, म्हणजे बँडच्या रूपात पाहायचे. मुख्य चूक ब्लॉट लावण्याआधीच होते. अँटीबॉडी मानवी प्रथिनावर बेतलेली आणि नमुना झुआरी नदीतल्या शिनाण्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा! माहितीपत्रकात ‘माणूस, उंदीर’ एवढेच असेल, तर ती शिंपल्यात चालेल असे धरून चालू नका. ती ज्या तुकड्याविरुद्ध तयार केली, त्याचा क्रम आपल्या प्राण्याच्या क्रमाशी ताडून पाहा. जेलच्या एका लेनमध्ये (रांगेत) हेला या मानवी पेशींचा अर्क हवाच. त्यात बँड आला आणि शिनाण्यात नाही, तर ट्रान्सफरला बोल लावू नका.

कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बाबतीत आणखी सावध राहा. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या निळ्या खेकड्याच्या पेशीद्रवात नेहमीचे तांबे-जस्ताचे एसओडी नसते. तिथे मँगनीजचेच एक रूप ते काम करते. त्यामुळे मँगनीज एसओडी दिसले की ते मायटोकॉन्ड्रियातलेच, असे खेकड्यात म्हणता येत नाही.

मानवी एसओडी२ २२२ अमिनो आम्लांचे बनते, पहिली २४ कापली जातात आणि बँड २२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास येतो. जेल १२ ते १५ टक्के, मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचा घ्या, ०.४५ मधून एवढे लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकते. लोडिंग कंट्रोलला (सगळ्या लेनमध्ये नमुना सारखाच भरला का, हे पाहायला) व्हीडॅक हे मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणातले प्रथिन बरे, ते ३२ किलोडाल्टनच्या आसपास असल्याने बँड एकमेकांवर येत नाहीत. बँड दिसावा म्हणून अँटीबॉडीला जोडलेले एचआरपी हे एन्झाइम वापरत असाल तर बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एचआरपीच बंद पाडते.

पेशीद्रव आणि मायटोकॉन्ड्रिया वेगळे करायचे असतील तर ऊती ताजीच हवी. गोठवलेल्या ऊतीत मायटोकॉन्ड्रिया फुटतात, एसओडी२ पेशीद्रवात उतरते, आणि आपण त्याला प्रदूषणाचा परिणाम समजून बसतो. हे फार वाईट, कारण असा ब्लॉट दिसायला अगदी स्वच्छ असतो.

पावसाळ्यात वीज जाते, म्हणून अँटीबॉडी आधीच छोट्या भागांत वाटून, फ्रीझरमध्येच बर्फाच्या पॅकांमध्ये ठेवा. पुन्हा पुन्हा गोठणे-वितळणे तिला मानवत नाही.

बँड जाड आला म्हणजे एन्झाइम जोरात चालले, असेही लिहू नका. ३४व्या जागच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर नायट्रेशन झाले (नायट्रो गट जोडला गेला) की प्रथिन तेवढेच राहते, काम मंदावते. क्रियाशीलता वेगळी मोजा: सायनाइडने तांबे-जस्ताचे एसओडी थांबते, मँगनीजचे चालू राहते. ती चाचणी मात्र फ्यूम हूडमध्ये, मार्गदर्शक शेजारी असतानाच, आणि सायनाइडजवळ आम्ल अजिबात न आणता करा.