जुन्या बुलेटचा करंट मधूनच जातो? या चुका टाळा

पॉइंटवाल्या जुन्या बुलेटचा करंट (प्लगला ठिणगी देणारी वीज) कायमचा गेला असेल, तर बिघाड शोधणे अवघड नसते. बॅटरीपासून प्लगपर्यंत क्रमाने तपासत गेले की तुटलेली जागा सापडतेच. खरी कसोटी लागते ती करंट मधूनच जातो आणि मधूनच परत येतो तेव्हा. गाडी बेळगावातून सुरळीत निघते, जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या अलीकडे झटके देत बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पहिल्या किकला चालू होते आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली की मिस्त्रीसमोर शहाण्या मुलासारखी वागते. अशा गाड्यांवर होणारे तेच ते अत्याचार पाहून कंटाळा आला, म्हणून हे लिहीत आहे. येथील विवेचन बॅटरी, कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज ठिणगी पडण्याइतके वाढवणारी), सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यात उडणारी ठिणगी दाबणारा) असलेल्या बुलेटविषयी आहे. सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असलेल्या गाडीला पॉइंटचा भाग लागू होत नाही. वायरिंगचा मात्र बराचसा लागू होतो.

बिघाड हजर नसताना पार्ट बदलणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे. गाडी गॅरेजमध्ये व्यवस्थित चालत असताना कॉइल बदलली जाते, सोबत कंडेन्सर, पॉइंट, प्लग आणि प्लग कॅपही बदलली जाते, आणि गाडी आधीही चालत होती तशीच नंतरही चालते. यातून काय सिद्ध झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा बंद पडली, तर खिसा रिकामा झालेला असतो आणि माहितीत काडीचीही भर पडलेली नसते. बंद पडली नाही, तर त्याहून वाईट होते. कारण पाचांपैकी नेमका कोणता पार्ट दोषी होता हे आता कधीच कळणार नाही आणि चार चांगले पार्ट भंगारात गेलेले असतात. त्यात आजकाल बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरचा दर्जा असा आहे, की जुना चांगला कंडेन्सर काढून नवा बसवणे म्हणजे पुष्कळदा नवा बिघाड विकत घेणे ठरते.

मधूनच येणारा बिघाड तो चालू असतानाच पकडावा लागतो. म्हणून गाडी रस्त्यात बंद पडली की पहिले काम किक मारणे हे नाही. नवशिक्या माणसाला नेमका तेथेच धीर नसतो. तो दात-ओठ खाऊन किक मारत सुटतो, प्लग पेट्रोलने भिजवून घेतो आणि तोपर्यंत कॉइल गार होऊन गाडी चालू झाली, की हात जोडून पुढे निघतो. बिघाड समोर उभा राहिला होता, तो त्याने स्वतःच्या हाताने घालवला. माझी सवय अशी आहे, की गाडी बाजूला घ्यावी, लाइट बंद करावी, चावी चालूच ठेवावी आणि आधी ॲमीटरकडे, म्हणजे करंट दाखवणाऱ्या काट्याकडे, पाहावे.

ॲमीटरला शोभेची वस्तू समजणे

बुलेटच्या हेडलाइटवर बसवलेला तो छोटा ॲमीटर हे बिघाड शोधण्याचे गाडीवरच मिळालेले उत्तम साधन आहे, आणि बहुतेक जण त्याच्याकडे बॅटरी चार्ज होते की नाही एवढेच पाहण्यापुरते लक्ष देतात. चावी चालू करून, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधील दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक हाताने किंवा पायाने अगदी हळू खाली न्यावी. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून साधारण तीन ते चार अँपियर करंट वाहतो आणि काटा वजा बाजूकडे सरकतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर परत येतो. इंजिन फिरवत असताना काटा असा ये-जा करत असेल, तर बॅटरी, चावी, वायर, कॉइलची प्राथमिक (बॅटरीकडची) बाजू आणि पॉइंट यांचे काम त्या क्षणी ठीक चालले आहे, असे समजावे, आणि शंका कॉइलच्या दुय्यम (प्लगकडच्या) बाजूवर, एचटी वायरवर (कॉइलकडून प्लगला जाणाऱ्या जाड वायरवर), कॅपवर, प्लगवर किंवा निकामी कंडेन्सरवर ठेवावी. काटा हललाच नाही आणि मध्यावरच राहिला, तर करंट कॉइलपर्यंत किंवा पॉइंटमधून अर्थपर्यंत (गाडीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) पोहोचत नाही: बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, चावी, तुटकी वायर किंवा मळलेले पॉइंट. काटा वजा बाजूला गेला आणि पॉइंट उघडले तरी परत आला नाही, तर पॉइंटकडे जाणारी वायर कोठेतरी अर्थला टेकली आहे किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. एवढे कळायला एकही पाना लागत नाही, आणि तरीही लोक पहिल्या मिनिटाला प्लग पाना बाहेर काढतात.

चालत्या गाडीतही काटा बोलतो. झटका बसला त्या क्षणी गाडी गिअरमध्ये असल्याने इंजिन फिरतच असते आणि अल्टरनेटर चार्ज देतच असतो. अशा वेळी काटा एकदम अधिक बाजूकडे उडाला, तर कॉइल घेत असलेला करंट तुटला असे समजावे, म्हणजे दोष पुरवठ्याच्या वायरमध्ये किंवा पॉइंटमध्ये आहे. काटा जागचा हलला नाही, तर दोष प्लगच्या बाजूचा.

कॉइलवर आंधळेपणाने आळ घेणे

खानापूर भागातील एका शिक्षकांच्या बुलेटची कथा येथे सांगण्यासारखी आहे. त्यांची गाडी वर्षभर चांगली चालायची आणि पावसाळा लागला की चोर्ला रस्त्यावरच्या वळणांत बंद पडायची. तो भाग धो-धो पावसाचा असल्याने जो भेटेल त्याने पाण्याला दोष दिला. एका गॅरेजमध्ये कॉइल बदलली, दुसऱ्या गॅरेजमध्ये ती नवी कॉइलही खराब म्हणून पुन्हा बदलली, कोणी प्लग कॅपला ग्रीस भरले, कोणी डिस्ट्रिब्यूटरवर (पॉइंट असलेल्या डबीवर) सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, आणि गाडी होती तशीच राहिली.

ते माझ्याकडे आले तेव्हा मी गाडीला हात लावण्याआधी त्यांना विचारले, की सर, नेमकी कोणत्या वळणावर बंद पडते? त्यांनी विचार करून सांगितले, की डावीकडच्या वळणावर, आणि तीही गाडी अगदी हळू असताना. मग इंजिन चालू ठेवून मी हँडल पूर्ण डावीकडे वळवले. काहीच झाले नाही. हँडल तसेच धरून नेकपाशी (हँडल जेथे फिरते त्या फ्रेमच्या मानेपाशी) असलेला वायरचा गुच्छ दोन बोटांनी ओढला, तेव्हा ॲमीटरचा काटा उडाला आणि इंजिन बंद पडले. सोडला, किक मारली, चालू झाले. पुन्हा ओढला, पुन्हा बंद. वायर उघडून पाहिली, तेव्हा चावीकडून कॉइलकडे जाणाऱ्या वायरचे प्लास्टिक वरून जसेच्या तसे होते आणि आतील तांब्याच्या तारा जवळजवळ सगळ्या तुटून दोन-तीनच शिल्लक राहिल्या होत्या. कोणीतरी वायरिंग नीटनेटके दिसावे म्हणून गुच्छ नेकला प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळला होता, आणि हँडल वळेल तसा त्याच एका बिंदूवर सारा ताण येत होता.

यात पावसाचा संबंध नव्हता का? होता, पण पाण्याचा नव्हता. कोरड्या रस्त्यावर सर वेगात असल्याने गाडी झुकवून वळण घेत, त्यात हँडल फारसे वळत नाही. ओल्या रस्त्यावर ते जपून, जवळजवळ चालण्याच्या वेगाने वळत, तेव्हा हँडल पुष्कळ वळे. ही गोष्ट गाडीवाल्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि गॅरेजमध्ये विचारायला वेळ कोणाला असतो?

दुरुस्ती म्हणून मी चावीपासून कॉइलपर्यंत एकसंध नवी वायर टाकली, नेकपाशी तिला मोकळा वळसा ठेवला आणि पट्टी सैल बांधली. हलणाऱ्या जागी वायरला डाग देऊन (सोल्डर करून) जोड करणे मी टाळतो, कारण डाग शिरलेला भाग कडक होतो आणि डाग जेथे संपतो तेथे वायर पुन्हा तुटते. लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून बसवावा.

कॉइल कधीच खराब नसते, असा याचा अर्थ नाही. गाडी गार असताना चालणे, तापल्यावर बंद पडणे आणि गार झाल्यावर पुन्हा चालणे ही कॉइलच्या आतील तार किंवा इन्सुलेशन गेल्याची खूण असू शकते. पण कंडेन्सरही हुबेहूब तसाच वागतो. कंडेन्सर गेला असेल, तर इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये मोठी पिवळसर ठिणगी उडताना दिसते आणि पॉइंट लवकर जळतात. खात्री करण्यासाठी मी चालत्या गाडीवरची तपासलेली कॉइल जवळ ठेवतो, बिघाड हजर असताना तीच बाहेरून दोन वायरींनी आणि एचटी वायरने जोडतो, आणि गाडी लगेच चालू झाली तरच नव्या कॉइलचे पैसे मोजतो. तापलेल्या कॉइलवर बाटलीतील पाणी ओतण्याचा रस्त्यावरचा उपाय मला मुळीच पसंत नाही.

टाकीचे झाकण न तपासणे

टाकीच्या झाकणातील हवेचे भोक बुजले, की काही अंतरानंतर पेट्रोल उतरणे थांबते आणि थोडा वेळ उभे राहिल्यावर पुन्हा सुरू होते. लक्षण अगदी तापलेल्या कॉइलसारखे. बंद पडल्याबरोबर झाकण उघडावे, आत हवा शिरल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. पेट्रोल कमी पडले तर गाडी हळूहळू दम सोडते. करंट गेला तर एकदम तुटतो.

पॉइंटला पॉलिश पेपर लावणे

पॉलिश पेपरचे कण पॉइंटमध्ये रुतून बसतात आणि करंट अडवतात. बारीक कानस वापरावी, नंतर पॉइंट मिटवून त्यांच्यामधून कोरा जाड कागद ओढावा, आणि नवे पॉइंट बसवताना त्यांच्यावरचा तेलकट थर पेट्रोलच्या फडक्याने पुसावा. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावा आणि तो पॉइंट सर्वांत जास्त उघडलेले असताना मोजावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या हातातून मायक्रोमीटर सुटत नाही, अशी माणसेही स्वतःच्या गाडीचा गॅप हॅक्सॉ ब्लेड घालून लावताना मी पाहिली आहेत. ब्लेडची जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) फार महाग नसतो. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते, म्हणून ते त्याच बैठकीत पुन्हा पाहावे.

इतर काही

प्लग बाहेर काढून मोकळ्या हवेत ठिणगी दिसली म्हणून करंट चांगला आहे, असे ठरवू नये. सिलिंडरमधील दाबात ठिणगी उडायला पुष्कळ जास्त व्होल्टेज लागते. तपासताना प्लगचे अंग इंजिनच्या फिनला घट्ट टेकवावे आणि प्लगच्या भोकापासून दूर धरावे, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग अर्थ न करता कॅप हवेत ठेवून किक मारल्यास कॉइलचे इन्सुलेशन फुटू शकते.

एचटी वायर आणि कॅपची शंका असेल, तर अंधारात इंजिन चालू ठेवून त्यांच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. गळती असेल तर निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. कॅप काढून वायरचे टोक अर्धा सेंटिमीटर कापून ती पुन्हा नीट पिळून बसवावी.

नुकतेच पावडर कोटिंग केलेली गाडी आली, की मी आधी अर्थिंग पाहतो. चकचकीत रंगाचा जाड थर इंजिन आणि फ्रेमच्या मध्ये बसतो, अर्थ बोल्टच्या धाग्यांतूनच कसाबसा जातो आणि बोल्ट जरा सैल झाला की करंट येऊन-जाऊन राहतो. बोल्टखालील रंग खरवडून, इंजिनपासून बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत स्वतंत्र जाड वायर टाकावी.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवले की सगळी कटकट संपते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. किटला विरोध नाही; पण बॅटरीकडून येणारी वायर तुटकी असेल, चावी मळलेली असेल किंवा अर्थ ढिला असेल, तर किटही त्याच वळणावर बंद पडेल, आणि काही किटना कमी व्होल्टेज पॉइंटपेक्षाही कमी सोसते. त्यामुळे किट घ्यायचेच असेल, तर आधी हा बिघाड शोधून काढावा, आणि दुरुस्तीनंतर गाडी ज्या रस्त्यावर, जितकी तापल्यावर बंद पडत होती, तितकी तापवून त्याच रस्त्यावर चालवून पाहावी. गल्लीतून एक चक्कर मारून आणलेली गाडी मी दुरुस्त झालेली धरत नाही, आणि तोपर्यंत काढलेला जुना पार्ट फेकतही नाही.